सुपारी फुटली, आता पुढे?

आज जळगावात अख्खा दिवस मंगल कार्यालयं पाहण्यात गेला. सुपारी फुटलेल्या, म्हणजे लग्न ठरलेल्या घरांसाठी लिहून ठेवतो.

गुरुजींकडून एकच तारीख आणू नका, तीन मुहूर्त काढून घ्या. एकच धरली की नेमकं कार्यालय अडतं, मग आचारी, मग सगळंच. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर फारच ओढाताण. मे महिन्यातलं लग्न असेल तर संध्याकाळचा गोरज मुहूर्तच बघा. 44-45 अंशांत भर दुपारी वऱ्हाड उभं करणं बरं नाही, म्हातारी माणसं असतात.

कार्यालयात भाड्याआधी विचारा: किल्ली किती वाजता मिळणार, जनरेटरचं डिझेल कोणाचं, पाण्याचा टँकर कोण मागवणार? उत्तरं पावतीवरच लिहून घ्या. तोंडी बोलण्यावरूनच शेवटी वाद होतात.

हळदीच्या रात्रीची पंगत हिशेबात धरायची हमखास राहते. वरण-बट्टीला शंभर पानांमागे अंदाजे 12 किलो बट्टीचं पीठ, 6 किलो तूरडाळ, 15 किलो वांगी. पीठ जाडसरच दळा, बारीक झालं की बट्टी चिवट होते.

बस्ता, म्हणजे लग्नाची कापडखरेदी, मात्र पाहुण्यांची यादी झाल्यावरच. मानाचे कपडे मोजायला तीच यादी लागते.