तुम्ही विचारलंत म्हणून: कराटेतले ब्लॉक खरंच चालतात का?

जळगाव-भुसावळकडे पोरं पहिल्या बेल्टची परीक्षा देऊन आली की पालक हमखास विचारतात, "सर, कोणी खरंच ठोसा मारला तर हे ब्लॉक करायला वेळ मिळतो का?"

बहुतेक वेळा नाही मिळत. गेदान-बराईत, म्हणजे खालच्या बाजूच्या ब्लॉकमध्ये, मूठ आधी विरुद्ध खांद्याजवळ न्यायची आणि मग खाली गुडघ्याच्या वर झाडायची. तोवर दुसरा ठोसा लागलेला असतो. पण कोणी धरलेलं असताना तीच हालचाल करून बघा.

जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेचे गुरू इतोसू आन्को यांनी १९०१ मध्ये कराटे शाळेत नेलं. वर्गभर मुलांना एकदम शिकवताना 'अडवणं' हा अर्थ सोपा पडतो, आणि तोच रुळला असावा. पण त्यांच्याच १९०८ च्या पत्रात प्रत्येक हालचाल कशासाठी आहे ते समजून सराव करा, असं बजावलेलं आहे.

समोरच्याने उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरलंय. पकड सुटते ती त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथूनच. तुमच्या मनगटाची अंगठ्याकडची कड त्या फटीसमोर आणा, अर्धं पाऊल पुढे टाका आणि मूठ उजव्या खांद्याकडे न्या. म्हणजे ब्लॉकची नुसती 'तयारी' म्हणून जी शिकवतात, तीच सुटका. नंतर खाली झाडलेली मूठ त्याचा हात पुन्हा येऊ देत नाही. चुकतं कुठे? मुलं मागे सरकून हात ओढतात. मग ताकदीचा सामना होतो आणि दणकट माणूस जिंकतो. पुढे गेलात तर तुमचं कोपर दुमडतं आणि तरफ तुमच्या बाजूला येते.

आता त्याच्या उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय असं समजा. तुमचा उजवा हात फिरवून त्याचं मनगट पकडा आणि कमरेशी ओढा, तळवा वर. हा कमरेकडे येणारा हात, हिकिते, क्लासमध्ये शोभेचा होऊन बसलाय. खरं अर्धं काम त्याचंच. त्याचं कोपर वरच्या बाजूला वळलं की तुमचा डावा पुढचा हात (मनगट ते कोपर हा भाग) त्याच्या कोपराच्या दोन बोटं वर, दंडावर दाबा. तो पुढे वाकतो. कोपराच्या खाली दाबलंत तर हात दुमडून तो थेट अंगावर येतो. जोडीदारासोबत हे सावकाशच करा. त्याने दोनदा थोपटलं की लगेच सोडायचं. सांध्याला झटका नको.

कॉलर धरली तर आगे-उके, म्हणजे वरच्या बाजूचा ब्लॉक. डाव्या हाताने त्याचा उजवा हात धरून कमरेकडे खेचा. मान पुढे येते, तेव्हा उजवा पुढचा हात त्याच्या हनुवटीखालून वर न्या. सरावात छातीपाशीच थांबा.

लाठीचा घाव मात्र हातावर झेलायचा नाही. मनगट ते कोपर यांतलं करंगळीकडचं हाड असं मोडतं, की त्या फ्रॅक्चरला पोलिसी दंडुक्यावरून 'नाइटस्टिक' हेच नाव पडलंय. लाठीचा जोर टोकाकडे असतो. मागे पळायला जागा नसेल तर धरणाऱ्याच्या मुठीला चिकटून आत शिरा. डोक्यावर तिरका धरलेला हात तिथे कामाला येतो. जागा असेल तर पळा, त्यात कमीपणा नाही.

कायद्याचंही थोडं. भारतीय न्याय संहितेत (कलम ३४ ते ४४) स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा. पकड सुटल्यावर कोपर मोडत बसलात तर तो बचाव राहत नाही.

आणि आपल्या भागातली एक गंमत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, मनगटं घामेजलेली असतात, कोणतीही पकड सहज निसटते. पोरांना वाटतं, जमलं! तंत्र तपासायचं तर डिसेंबरच्या सकाळी कोरड्या हातावर तपासा. किंवा जोडीदाराला लांब बाहीचा शर्ट घालून यायला सांगू नका, तुम्हीच घाला, आणि त्याला बाहीसकट मनगट धरू द्या.