हिरवा पट्टा कोणाच्या नावावर?

लडाखमध्ये पुगा-सुमदोच्या परिसरात नकाशावर एक रेघ ओढायची होती. नैऋत्येला नीस हा पट्टेदार रूपांतरित खडक, म्हणजे भारतीय खंडाचा खडक. ईशान्येला निदारचा पट्टा, म्हणजे टेथिस महासागराचा तळ. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि मधला महासागर मिटला, त्याची ही सांधरेषा.

निदारकडे शंकेला जागा नाही. प्रावरणातला (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला) पेरिडोटाइट, गॅब्रो, पाण्याखाली थिजलेला उशांसारखा बेसाल्ट आणि लालसर चर्ट हा कठीण गाळखडक, असा सगळा क्रम उघड्यावर पडलेला आहे. चर्टमध्ये रेडिओलॅरिया या सूक्ष्म सागरी जिवांचे क्रेटेशस काळातले (सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे) अवशेष सापडतात.

नीसमधला ऐवज मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्यात एक्लोगाइट या प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या खडकाचे काळपट गोटे अडकलेले असतात. आकाराच्या मानाने भलतेच जड. ताज्या फुटीवर भिंग धरलं की गडद लाल गार्नेट आणि भोवती हिरवा ऑम्फसाइट, ही दोन खनिजं दिसतात. इथल्या गार्नेटच्या पोटात कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्झचंच जास्त दाबाखालचं रूप, मिळालेला आहे आणि तो तयार व्हायला किमान 90 किलोमीटर खोलीचा दाब लागतो. वर येताना त्याचं क्वार्ट्झ होतं, आकारमान वाढतं आणि भोवतालच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तडे पाहिले की खंडाची कडा इतकी खोल जाऊन परत आली, यावर वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही या दोहोंच्या मधल्या घळीत होतो. तिथे सर्पेंटिनाइटचा, म्हणजे पाणी शिरून बदललेल्या प्रावरणाच्या खडकाचा, चुरडलेला, गुळगुळीत, काळपट हिरवा पट्टा आहे, त्यात चुनखडीचे आणि ज्वालामुखी खडकांचे सुटे ठोकळे. बरोबरचा मुलगा म्हणाला, "सर, ब्रंटन होकायंत्र बिघडलंय. चार पावलांवर दिशा बदलतेय." मग त्याने मोबाइल काढला. तोही भरकटला. मी दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक खडकाजवळ नेला, तो सरळ खडकाकडे ओढला गेला. सर्पेंटिनाइट होताना मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज तयार होतं, ते सुईला ओढतं. अशा ठिकाणी पट्ट्याच्या कडेवर दूरदूरचे जीपीएस बिंदू घ्यायचे आणि दिशा त्यांवरून काढायची. हे वर्गात कुणी शिकवत नाही. मुलं अॅपमधला आकडा वहीत उतरवतात आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षं नकाशात राहतो.

दिशा मिळाली, पण रेघ नाही. तो हिरवा पट्टा कोणाचा? पहिलं उत्तर तयारच असतं: निदारच्या महासागरी तळाचा तुटलेला भाग. पण काही अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे. आशियाखाली बुडणाऱ्या भूपट्टाच्या वर, आशियाच्या बाजूला, प्रावरणाची जी पाचर होती तिच्यात खालून पाणी शिरलं, ती मऊ झाली आणि वर येणाऱ्या नीसच्या अंगाला लागून तीही वर आली. तसं असेल तर हा खडक महासागराच्या तळाचा नाहीच. रेघ त्याच्या ईशान्येला जाईल.

नुसत्या डोळ्यांना दोन्ही सर्पेंटिनाइट सारखेच. मूळ ऑलिव्हिन हे खनिज गेलेलं असतं, टिकतात ते क्रोम-स्पिनेल या दुसऱ्या खनिजाचे कण, तेही कडेने मॅग्नेटाइट झालेले. पण गाभा शाबूत असला तर त्यातल्या क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या प्रमाणावरून प्रावरण कुठलं, याचा माग लागतो. क्रोमियम खूप जास्त असेल तर पाचरीकडे कल जातो.

नकाशा मागणाऱ्या कार्यालयाला हे ऐकायचं नसतं. पट्ट्याला एक रंग द्या आणि नकाशा जमा करा, एवढंच. मला ते मान्य नाही. इथे रंग चुकला तर एका खंडाची कड चुकते. मी दोन्ही कडांना तुटक रेघा दिल्या आणि पट्टा वेगळ्या खुणेने दाखवला. त्यावरून बराच वाद झाला. पट्ट्याच्या दोन्ही कडांवरचे नमुने स्पिनेलच्या विश्लेषणासाठी दिले आहेत. नीसला चिकटलेल्या कडेचे नमुने फार कुजके निघाले, गाभे जेमतेम उरलेत. तिथे ताजा खडक मिळवायला पुढच्या हंगामात पुन्हा जायचं आहे.