सुरी कुठाय?

एमआरआय काढून बाहेर आलेला माणूस चपला शोधता शोधता जे विचारतो, ते बहुतेक वेळा एकच असतं. "ताई, सीटी स्कॅनला निदान आत काहीतरी गरगर फिरतं म्हणे. इथं तर काहीच हललं नाही. मग पाठीचे हे काप काढले कशानं?" मागे एक आजोबा रिपोर्ट न्यायला आले. फिल्म खिडकीकडे धरून त्यांनी बोटानं मोजलं आणि म्हणाले, "पंधरा चकत्या केल्यात माझ्या. सुरी कुठाय?"

बाहेर नंबर लागलेले असतात, म्हणून "चुंबकानं होतं सगळं" एवढं बोलून मी सुटते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज जरा बसून सांगते.

मी मिरजेची. शाळेतून येताना सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर मी हमखास रेंगाळायचे. तिथले चाचा सतारीच्या तरफा लावून झाल्या की एक गंमत करायचे. मुख्य तारांच्या खाली ज्या बारीक तारा असतात, त्यांच्यावर कागदाचे टीचभर तुकडे दुमडून टोपीसारखे ठेवायचे आणि वरच्या तारेवर गंधार छेडायचे. गंधाराला लावलेल्या तरफेवरचा कागद थरथरून खाली पडायचा. बाकीचे जागच्या जागी. तिला कसं कळलं, असं मी विचारलं की म्हणायचे, "तिला तेवढंच ऐकू येतं."

एमआरआयचं यंत्र हेच करतं. आपल्या अंगात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. त्याच्या अणूचं केंद्रक चुंबकाच्या क्षेत्रात भोवऱ्यासारखं घुमतं, आणि त्या घुमण्याचा स्वर क्षेत्राच्या ताकदीवर ठरतो: एका टेस्लाला (टेस्ला हे त्या ताकदीचं माप) ४२.५८ मेगाहर्ट्झ. आमचं मशीन दीड टेस्लाचं, त्यामुळे आमचा षड्ज साधारण ६३.८७ मेगाहर्ट्झ. त्याच स्वराची रेडिओलहर सोडली की केंद्रकं ती घेतात, कलतात, आणि लहर थांबल्यावर स्वतः गुणगुणतात. ते गुणगुणणं आमची कॉइल, म्हणजे अंगाजवळ ठेवलेली अँटेना, ऐकते.

आता अडचण बघा. डोक्यापासून पायापर्यंत सगळं एकाच स्वरात लागलेलं असेल, तर सगळंच एकदम बोलेल. कुठून आवाज आला, काही कळणार नाही. म्हणून बोगद्याच्या भिंतीत ग्रेडियंट नावाची वेटोळी बसवलेली असतात. ती चालू केली की मोठ्या क्षेत्रात एका दिशेनं किंचित चढ येतो. किती किंचित? मीटरला १० मिलिटेस्ला धरा. म्हणजे एका सेंटीमीटरला दीड टेस्लाचा पंधरा हजारावा भाग. पण तेवढ्यानं स्वर सेंटीमीटरमागे सुमारे ४,२५८ हर्ट्झनं चढतो. झालं, सगळं अंग तरफांसारखं लागलं. मिलिमीटरागणिक वेगळा स्वर.

मग ज्या जागेचा काप हवा, तिथला स्वर वाजवायचा. टेबलावर निजवल्यावर अंगावर लाल प्रकाशाची फुली पाडतो ना, ती जागा चुंबकाच्या बरोबर मध्यावर नेली जाते. तिथं ग्रेडियंट काहीच भर घालत नाही, षड्ज तसाच राहतो. चढाच्या दिशेनं १० सेंटीमीटरवरचा काप हवा असेल, तर स्वर ४२.५८ किलोहर्ट्झ वर न्यायचा. जाडीचंही तसंच. ४ मिलिमीटरचा काप हवा तर साधारण १,७०० हर्ट्झ रुंदीचा स्वरपट्टा छेडायचा. आणखी पातळ हवा असेल तर पट्टा अरुंद करा, नाहीतर चढ तीव्र करा. काप उभा, आडवा की तिरका, हे कुठली वेटोळी चालवली यावर ठरतं. कमरेच्या तळाची, दोन मणक्यांमधली चकती उतरती असते. तिला समांतर काप घ्यायचा तर दोन दिशांचे चढ एकत्र लावतो. माणूस सरळच निजलेला असतो.

ही एकच पट्टी जागी करण्याची युक्ती इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांच्या गटानं १९७४च्या सुमारास बसवली. त्याआधी १९७३मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी चढत्या क्षेत्राच्या जोरावर पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढून दाखवलं होतं. दोघांना २००३चं नोबेल मिळालं. १९७८मध्ये मॅन्सफील्ड स्वतःच मशीनमध्ये शिरले होते, हे मला त्या नोबेलपेक्षा जास्त आवडतं.

काप निवडला तरी चित्र व्हायचं असतं. त्यासाठी ऐकताना दुसऱ्या दिशेनं चढ लावायचा, म्हणजे कापाची एक कड उंच स्वरात बोलते, दुसरी खालच्या. तिसऱ्या दिशेला दर खेपेला थोडा वेगळा हिसका देऊन तेच काम दोनअडीचशे वेळा करायचं. वेळ जातो तो यात. मधल्या कुठल्याही खेपेला तुम्ही हललात तर हिशेब फिसकटतो, म्हणून माझं ते "हलू नका, हलू नका" चाललेलं असतं.

आणि सुरीसारखी स्वच्छ कड या कापाला नसते. शेजारची पट्टीही थोडी जागी होते. म्हणून आधी एक, तीन, पाच घेतो, मग दोन, चार, सहा, आणि दोन कापांत बारीकशी फट सोडतो.

या सगळ्यात मशीनला जागा कळते ती मिलिमीटरात. मणक्याचं नाव तिला माहीत नसतं. ते मोजायचं काम आमचं, आणि माझ्या हातून ते एकदा चुकलेलं आहे. नवी होते. कमरेच्या स्कॅनला खालून मोजत गेले आणि चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीचं लेबल लावलं. त्या बाईंना कमरेत पाचऐवजी सहा मणके होते. डॉक्टरांनी रिपोर्ट लिहायच्या आधी पकडलं म्हणून निभावलं, नाहीतर सर्जनकडे चुकीचा आकडा गेला असता. तेव्हापासून मी मानेपासूनचा एक झटपट लांब काप घेते आणि मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून, पडद्यावर बोट ठेवून, खाली मोजत येते. दोन मिनिटं जास्त जातात. बाहेरचे नंबरवाले कुरकुरतात.

तर आजोबांना मी म्हटलं, "सुरी नाही आजोबा, सतार आहे आत." मिरजेचा माणूस, लगेच धरलं. म्हणाले, "मग एवढी बेसूर का? खिळे ठोकल्यासारखी?"

तो आवाज सतारीचा नव्हेच. वाजतात त्या रेडिओलहरी, त्या कानाला कळतच नाहीत. ग्रेडियंटच्या वेटोळ्यांतला शेकडो अँपिअरचा प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, आजूबाजूचं तगडं चुंबक त्या वेटोळ्यांना हिसडे देतं, आणि ठोकाठोक ऐकू येते. चाचा खुंट्या पिळायचे तेव्हा होणारी कुरकुर आठवा. ऐकू येतं ते एवढंच, तारा लावणं.

"मग कानात बोळे घालून का बसवलंत?" आजोबांनी फिल्म गुंडाळली. "लावतानाच तर ऐकायचं असतं."