एकच आवार, वेगळी टेबलं

दुभंगलेल्या समाजातली मुलं एका विद्यापीठात आली म्हणून आपोआप मिसळत नाहीत. कँटीनमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच टेबलं वाटली जातात. वेगवेगळ्या गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये अटी मांडल्या होत्या: समान दर्जा, सामायिक ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. यातला समान दर्जा सर्वांत आधी ढासळतो.

म्हणून प्रयोगशाळेत ४-५ जणांचे गट शिक्षकांनीच लावावेत. ‘आपापले गट करा’ म्हटलं की ओळखीचेच ओळखीच्यांकडे सरकतात. अल्पसंख्य समाजातला एकच विद्यार्थी गटात टाकू नका, किमान दोघं हवेत. एकट्याला सगळ्या समाजाच्या वतीनं उत्तरं द्यावी लागतात, आणि हे फार थकवणारं असतं. उपकरण कोण हाताळतं, नोंदी कोण लिहितं, हे दर प्रयोगाला बदला. सत्र संपेपर्यंत गट मोडू नका.