आमची गाय व्याली : आधी वार की आधी चीक?

माझं माहेर इंदूरच्या रामबागेतलं. गायीशी संबंध आला तो गोग्रासापुरता. सासरचं शेत सांवेरच्या बाजूला : सोयाबीन, गहू, थोडा लसूण आणि दावणीला दोन माळवी गायी. माळवी जात नांगराची, दुधाची नव्हे, त्यामुळे घरात दूध पिशवीचंच जास्त येतं. पण सासरे गायी काढायचं नाव घेत नाहीत.

गौरी पौषात विणार हे ठाऊक होतं. गाय फळवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि तिथून नऊ महिने नऊ-दहा दिवस मोजायचे. शेवटचे दोन महिने तिचं दूध आटवलं होतं. मग कास भरली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, सड तुकतुकीत दिसू लागले. माळव्यातली थंडी पौषात चांगलीच बोचते, म्हणून गोठ्यात कोरडा भुसा जाड पसरला आणि वाऱ्याच्या बाजूला पोती बांधली.

ती सारखी उठबस करायला लागली तेव्हा अंधारून आलं होतं. मला वाटलं होतं आता धावपळ होणार. झालं उलटंच. सासऱ्यांनी सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं. पाणमोट दिसली, फुटली, आणि पाठोपाठ दोन खूर. टॉर्च मारून त्यांनी फक्त एवढंच पाहिलं की खुरांचे तळवे जमिनीकडे आहेत आणि त्यावर नाक टेकलेलं आहे. तळवे वर असते तर बहुधा मागचे पाय आधी येत आहेत असं समजायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. 1962 हा पशुवैद्यकीय गाडीचा नंबर भिंतीवर खडूने लिहिलेलाच होता. पुढचे पाय दिसूनही अर्धा-पाऊण तास काहीच पुढे सरकलं नाही, तरी तोच फोन. गरज पडली नाही. गौरीने उभ्यानेच वासरू सोडलं आणि वळून चाटायला लागली. आम्ही नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोऱ्याने बांधली, खालून कापली आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलं.

खरा वाद इथून पुढे. शेतावर राखणीला असलेले काका म्हणाले, वार, म्हणजे वासरामागून बाहेर येणारं गर्भाचं वेष्टन, पडल्याशिवाय वासराला सडाला तोंड लावू द्यायचं नाही. सासूबाईंनीही मान हलवली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. गायीच्या अंगातली रोगाशी लढणारी द्रव्यं वारेतून वासराला मिळत नाहीत, ते कोरंच जन्मतं. ती मिळतात चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं ते पहिले काही तासच. एक दिवस उलटला की दार जवळजवळ बंद. वार पडायला मात्र आठ-दहा तासही लागू शकतात. शिवाय वासरू प्यायला लागलं की गर्भाशय आकसतं आणि वार पडायला मदतच होते.

हे मी सुनेने सांगायचं म्हणजे अवघडच. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पाजा.’’ सड कोमट पाण्याने धुतले, पहिल्या दोन-चार धारा टाकून दिल्या आणि लटपटणाऱ्या पिल्लाच्या तोंडात सड धरला. हिशेब सोपा आहे : वजनाचा दहावा भाग, म्हणजे 20 किलोच्या वासराला दिवसभरात 2 लिटर चीक, थोडा थोडा करून. वार पहाटेआधी पडली. काकांनी ती लगेच उचलून लांब पुरली, कारण गाय ती खाऊन टाकते. वार अडकली की तिला वीट बांधून लोंबकळत ठेवणारे लोक आहेत. ते मात्र काकांनाही पटत नाही.

त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. बाजरी, गूळ, ओवा, सुंठ घालून शिजवलेलं आंबोण गौरीने चाटूनपुसून खाल्लं. बघ्यांची गर्दी नको, हाही त्यांचाच नियम, आणि तो शहाणपणाचाच.

सकाळपासून रामबागेतून फोन : ‘‘चीक आहे का गं?’’ वासराचं पोट भरून उरला तेवढाच काढला. वेलची-जायफळ घालून एक ताटली खरवस झाला. माहेरी एक वडीही पोचली नाही. आई अजून बोलून दाखवते.

एक मात्र आहे, झाला गोऱ्हा. शेजाऱ्यांचे चेहरे जरा पडले. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कोण ठेवतो? लिंगनिश्चित रेतन आता मिळतं, त्यातून बहुतेक वेळा कालवडच होते. पुढच्या वेळी तेच करू, असं मी आणि नवरा म्हणतो. सासऱ्यांना ते मान्य नाही. त्यांच्या मते माळवी बैलाची जोडी दारात असली तर बिघडतं कुठे? गोऱ्ह्याला खायला कोण घालणार, यावर मात्र अजून कोणी बोललेलं नाही.