कोल्हापूर ते पणजी विजेच्या गाडीने: आंबोलीचा हिशेब आणि मुक्कामाचा सॉकेट

मार्ग निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पणजी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. गाडी ४०.५ युनिट बॅटरीची टाटा नेक्सॉन, चार माणसं, सामान, एसी चालू, वेग ७०-८०. एवढ्या भाराला युनिटमागे सात किलोमीटर धरावेत. कोल्हापुरातून पूर्ण भरून निघालं की वाटेत कुठे थांबावं लागत नाही; पणजीत तीस टक्क्यांच्या आसपास उरतात.

जाताना घाट जवळजवळ फुकट पडतो. आंबोली ६९० मीटरवर. तिथून सावंतवाडीपर्यंतच्या तीस किलोमीटरला बॅटरी जेमतेम चार-पाच टक्के उतरते, कारण उतारावर रिजन (गाडी रोखताना मोटरच वीज बनवते ती सोय) वीज परत भरत राहतं. येताना तोच रस्ता अठरा-वीस टक्के खातो. अठराशे किलो वजन सहाशे मीटर वर चढवायला तीन युनिटं लागणारच, गाडी कितीही जपून चालवा. म्हणून परतीला पणजीतून शंभर टक्क्यांवर निघावं. ऐंशीवर निघालात तर घाटाआधी भर घालणं भाग आहे. उलट, आंबोलीत मुक्काम करून खाली उतरणार असाल तर चार्जिंग नव्वदवर थांबवा. भरलेल्या बॅटरीत रिजनला जागा नसते आणि सगळा उतार ब्रेकवर काढावा लागतो.

गोव्यात पोचल्यावर फास्ट चार्जर शोधत फिरण्यात अर्थ नाही. राज्याची उत्तर-दक्षिण लांबीच शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटं, नऊ तासांत सत्तावीस. तूट वजा जाता बॅटरीत तेवीस पडतात, म्हणजे दीडशे किलोमीटर. उत्तरेच्या हणजूणपासून दक्षिणेच्या पाळोळेपर्यंत एका दमात झालं, वर थोडी शिल्लकही. तेव्हा खोलीपेक्षा सॉकेट बघून बुकिंग करा. फोनवर तीन गोष्टी विचारा: एसी-गिझरचा मोठा सॉकेट पार्किंगपासून किती लांब (गाडीबरोबरची केबल बहुधा पाचेक मीटरच असते), त्या लाइनला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आहे का, आणि अर्थिंग आहे का. शक्यतो सॉकेटचा फोटोच मागवा. युनिटचा दरही तेव्हाच ठरवा, नाहीतर सकाळी उगाच तोंडं वाकडी होतात.

जुन्या कौलारू घरांत घोडं अडतं ते अर्थिंगवर. चार्जरच्या डबीवर लाल दिवा येतो आणि यजमान म्हणतात, ‘गिझर तर चालतो!’ गिझर अर्थिंगविना चालतो, गाडी चालत नाही. सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो, त्यात बादलीभर पाणी ओतूनही कधी काम होतं. अर्थची पिन चकवणारे प्लग मिळतात, ते कदापि वापरू नका. एक्स्टेंशनला पर्यायच नसेल तर कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीनपदरी वायर, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापून वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर बंद करा. लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला की बहुतेक डब्या चार्जिंग थांबवतात. त्यांना तिथेही अर्थच सापडत नाही.

फास्ट चार्जर लागलाच तर म्हापसा, पणजी, मडगाव भागात सीसीएस-२ गन (फास्ट चार्जिंगचा जाड प्लग) मिळते. ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन गाड्या लागल्या की वाटणी होऊन तिसावर येतं. चाळीस ते ऐंशी टक्क्यांना पस्तीस-चाळीस मिनिटं. ऐंशीनंतर वेग पडतो, तिथेच निघा. गन जोडली तरी चार्जिंग सुरू होत नसेल तर जड केबलचं वजन हाताने वर उचलून धरा, पिना नीट बसतात. नाहीच तर लाल आपत्कालीन बटण कोणी दाबून ठेवलंय का ते पाहा. फिरवलं की सुटतं. कंपन्यांच्या अॅपमध्ये तीनशे-चारशे रुपये घरूनच भरून ठेवा, घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.

जानेवारी २०२४पासून पर्यटनाची नवी वाहनं विजेचीच, अशी घोषणा गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३मध्ये केली होती. ते दिवस येतील तेव्हा येवोत, पण भाड्याची गाडी रात्रभर हॉटेलच्या आवारातच उभी असते. महागड्या फास्ट चार्जरआधी आवारात ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि वेगळा मीटर बसवला तर हॉटेलवाल्याचा खर्च थोडक्यात भागतो.