काकांचं जुनं चेनसॉ: गरम होऊन बंद पडलं ते सुरूच होईना (आत्तापर्यंतचं काम)

मशीन साधं 58 सीसी टू-स्ट्रोक, काकांनी वापरलेलं, म्हणून भंगारात द्यायचं मनात नाही. मागच्या रविवारी गावी पडलेलं ऐनाचं झाड कापत होतो, लाकूड भयंकर टणक, चेन थोडी बोथट, आणि मधेच मशीनचा आवाज एकदम चढला, मी रेस सोडायच्या आत बंद. तासभर सावलीत ठेवलं, थंड झालं तरी सुरू होईना. सुरू करायची दोरी मात्र नेहमीपेक्षा हलकी यायला लागली, म्हणजे आतला दाब गेला, तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिले प्लग काढून बॉडीला टेकवून दोरी ओढली, निळा स्पार्क व्यवस्थित. कॉइल गरम झाल्यावर दगा देते हे माहीत होतं पण थंड झाल्यावर स्पार्क आहे आणि तरीही सुरू होत नाही म्हणजे ती बाजूला. प्लगचं टोक पांढरं पडलेलं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

कार्बोरेटर उघडणार तेवढ्यात सायलेन्सर काढायचं सुचलं, दोन बोल्ट काढले आणि टॉर्च मारून आत बघितलं तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला नखाला लागतील अशा उभ्या रेघा. ती बाजू सगळ्यात जास्त तापते म्हणून पिस्टन पहिला तिथेच घासतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) 90 पीएसआय, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं तर 120. ऑइलने फट भरली की दाब वाढतो, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. तुमचं मशीन तापून बंद पडलं असेल तर कार्बोरेटरला हात लावायच्या आधी सायलेन्सर काढाच, दहा मिनिटांचं काम आहे आणि उगाच दोरी ओढत बसाल तर सिलिंडरही जाईल.

सिलिंडर उतरवला. भिंतीवर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलेलं. कापसाच्या काडीवर म्युरियाटिक (हायड्रोक्लोरिक) अॅसिड घेऊन फक्त त्या डागांवर लावलं, अॅल्युमिनियम असेपर्यंत फेस येतो आणि मग थांबतो. पोर्टच्या (भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडेला अजिबात लागू द्यायचं नाही, तिथे प्लेटिंग म्हणजे भिंतीवरचा कडक थर नसतो, धातू खाऊन टाकतं. हातमोजे घालून, अंगणात, वाऱ्याला पाठ करून केलं. नंतर पाणी, साबण, पुन्हा पाणी, आणि लगेच ऑइलचा हात. खाली प्लेटिंग शाबूत निघालं, जीव भांड्यात पडला.

पण तापलं का ते शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालण्यात अर्थ नव्हता. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट नुसता बघून चांगला वाटत होता, हातात धरून वाकवला तर खालच्या बाजूला चीर उघडली. तिथून जादा हवा जात होती. शिवाय सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये (बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) भुसा आणि तेल मिळून घट्ट बसलेलं, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढलं.

नवा पिस्टन, रिंगा, बूट, पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. काल पाचव्या दोरीला सुरू झालं. कॉम्प्रेशन 140. आवाज ऐकून काका ओटीवरून उठून अंगणात आले.

अजून एक बाकी आहे. अर्धा तास चालवून दहा मिनिटं थांबलं की रेस अर्धी धरल्याशिवाय उठत नाही. मला वाटतंय कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळतंय, त्याच्या आणि सिलिंडरच्या मधला उष्णतारोधक पत्रा वाकलेला आहे. उद्या तो सरळ करतो, टाकीचा व्हेंटही (हवा जायचं भोक) बघतो.